लवचीक दोराची करामत

लिंगाण्यासारख्या सुळक्यावर चढताना हात निसटला, तर भिस्त दोरावर. पण दोर नुसता मजबूत असून भागत नाही. जराही न ताणला जाणारा दोर पडणाऱ्याला क्षणात थांबवेल आणि त्या हिसक्यानं मणकाच दुखावेल. म्हणून प्रस्तरारोहणाचा ‘डायनॅमिक’ दोर नायलॉनचा असतो: आत पिळदार धाग्यांचा गाभा, वर घट्ट विणलेलं आवरण. चाचणीत त्याला ८० किलोचं वजन बांधून खाली पाडतात. पहिल्या झटक्याला दोर ४० टक्क्यांहून जास्त लांबता कामा नये आणि हिसका १२ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा. थांबायला जास्त वेळ मिळाला की बल कमी होतं, एवढंच यामागचं विज्ञान. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, ‘स्टॅटिक’ दोर मात्र फारसा लांबत नाही. म्हणून तो बांधून लीड क्लाइंबिंग, म्हणजे दोर खालून सोबत घेत सर्वांत पुढे चढणं, कधीही करू नका.