घरच्या काचपेटीतील पाकट : शोभा आणि सावधगिरी

तिगाव, पांढुर्णा, सौसर हा संत्राबागांचा मुलूख समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. कोकणातील कोळ्यांच्या नित्य परिचयाचा पाकट मासा येथील बहुतेकांनी केवळ चित्रात पाहिलेला असतो. परंतु शोभेच्या माशांच्या व्यापारामुळे दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणारे पाकट आता आपल्या देशातील मोठ्या शहरांत विक्रीस येतात. तबकासारखे चपटे अंग आणि त्यावरील ठिपक्यांची नक्षी पाहून एखाद्या घरास किंवा शाळेस ते आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि हा मासा विषारी काटा बाळगणारा आहे. म्हणून त्याची प्रकृती समजून घेतल्यावाचून तो आणणे इष्ट नव्हे.

पाकटाची प्रकृती

पाकट हा शार्कचा नातलग होय. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. अॅमेझॉन, ओरिनोको व पाराना या नद्यांच्या खोऱ्यांतील पाकट पूर्णपणे गोड्या पाण्याचे झाले असून ते समुद्राच्या पाण्यात जगू शकत नाहीत. ते अंडी न घालता पिलांना जन्म देतात. त्यांच्या शेपटीवर करवतीसारख्या दातेरी कडांचा काटा असतो व त्यावरील आवरणात विष असते. काटा गळून पडला तरी नवा येतो. म्हणून काटा कापून धोका कायमचा टळतो, असे समजू नये.

पाकट स्वतः होऊन माणसावर चाल करीत नाही. तो वाळूत अंग पुरून निश्चल पडतो आणि त्याच्यावर हात किंवा पाय पडला म्हणजेच शेपटी उगारतो. घरातील अपघात माशाच्या रागामुळे नव्हे, तर पाळणाऱ्याच्या घाईमुळे घडतात.

पेटी व पाणी

मोतोरो ही बाजारात अधिक आढळणारी जात. तिच्या तबकाची रुंदी अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकते. यास्तव पेटी उंच असण्यापेक्षा लांब व रुंद असावी. 210 सेंटिमीटर लांब, 90 रुंद व 60 उंच पेटीत सुमारे 1,130 लिटर पाणी मावते. तिचा भार एक टनाहून अधिक होत असल्याने ती भक्कम जमिनीवरच ठेवावी. तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू घालावी. टोकदार खडी घालू नये. हीटर असल्यास त्यास जाळीचे संरक्षण द्यावे, कारण पाकट त्यास चिकटून बसतो व भाजतो.

पाण्याचे तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून सावली, पंखा व हवेचा पंप यांची तजवीज हवी. वीज गेल्यास चालणारा बॅटरीचा पंप तयार ठेवावा.

पाकट मांसाहारी असल्यामुळे पाण्यात अमोनिया लवकर साठतो. फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्याहून कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू रुजण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणू नये. अमोनिया व नायट्राइट या दोहोंचे प्रमाण शून्य राहिले पाहिजे. दर आठवड्यास सुमारे एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे. विहिरीचे व बोअरचे पाणी अनेकदा कठीण असते, ते तपासून घ्यावे. तांबे असलेली औषधे पाकटास घातक ठरतात.

हाताळणी

पेटीत हात घालण्यापूर्वी मासा नेमका कोठे आहे, हे पाहून घ्यावे. अन्न लांब चिमट्याने द्यावे. गांडुळे, कोळंबी व माशाचे तुकडे आलटून पालटून द्यावेत. मासा हलविताना जाळे वापरू नये, कारण काटा जाळ्यात अडकतो. त्यास पाण्यासह कडक प्लास्टिकच्या टबात घ्यावे. झाकणास कुलूप असावे व लहान मुलांना एकटे पेटीजवळ सोडू नये.

काटा लागल्यास

जखम स्वच्छ पाण्याने धुऊन तो अवयव सुमारे 45 अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात 30 ते 90 मिनिटे ठेवावा. वेदनेमुळे जखमी व्यक्तीस पाण्याच्या उष्णतेचा अंदाज येत नाही; म्हणून दुसऱ्याने आपला हात घालून पाणी सोसवते का, हे पाहावे. जखमेवर चुना लावू नये, चिरा देऊ नये, दोरी आवळून बांधू नये. वेदना कमी झाली तरी दवाखान्यात जावे. काट्याचा तुकडा आत राहू शकतो व धनुर्वाताची लसही आवश्यक असते. छाती, पोट किंवा मान यांत काटा रुतला असल्यास तो उपसू नये. जखमीस तत्काळ रुग्णालयात न्यावे.

नदीत सोडू नये

मासा जड झाला म्हणून नदीत सोडणे हा सर्वांत मोठा दोष. सिंगापूरच्या जलाशयांत अशा रीतीने आलेल्या मोतोरो पाकटांनी तेथे वस्ती केल्याचे आढळून आले आहे. पांढुर्ण्यातून वाहणाऱ्या जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा व प्राणहिता यांमार्गे गोदावरीस मिळते. त्या प्रवाहात गुरे पाणी पितात, बाया कपडे धुतात, मुले डुंबतात. एका घराची हौस अनेक गावांचे संकट ठरू नये.

नोव्हेंबर 2022 मध्ये पनामा येथे भरलेल्या परिषदेत गोड्या पाण्यातील पाकटांच्या काही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या सूचीत समावेश झाला. आपल्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमातील 2022 च्या दुरुस्तीनुसार अशा सूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. खरेदीपूर्वी जात कोणती, हे विचारावे, पावती घ्यावी व वन विभागाकडे चौकशी करावी.

एवढी सिद्धता ज्यास शक्य नाही, त्याने पाकटाचा मोह टाळावा. शाळेच्या काचपेटीत गप्पीसारखे लहान मासेही जीवनक्रमाचा पाठ उत्तम रीतीने देतात.