किलोमीटरला दहा टन हवा

कबनूरमधून ग्रे कापडाच्या गाठी भरलेला सहाचाकी ट्रक बाहेर पडतो. गाठींवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. आत माल साधारण दहा टन, आणि बिल्टीवरही तेवढाच लिहिलेला. पण या ट्रकला आणखी एक ओझं हलवायचं असतं आणि ते कुठल्याही वजनकाट्यावर दिसत नाही. ते ओझं म्हणजे वाटेतली हवा.

हवेला कसलं आलंय वजन? करून बघा हिशोब. ताडपत्रीसकट ट्रकचा समोरचा चेहरा अडीच मीटर रुंद आणि सुमारे ३.६ मीटर उंच, म्हणजे ९ चौरस मीटर. एक किलोमीटर जाताना हा चेहरा ९,००० घनमीटर जागेतून पार होतो. त्या जागेत हवा भरलेली आहे, आणि आपल्याकडच्या उंचीवर, उन्हाळ्याच्या दिवसात, एका घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१ किलो भरतं. गुणाकार केला की उत्तर येतं जवळजवळ दहा टन. जेवढा माल हौद्यात, तेवढीच हवा दर किलोमीटरला बाजूला सारायची! ट्रक पुण्याला पोचेपर्यंत हा आकडा दोन हजार टनांच्या पुढे गेलेला असतो.

मग उसाच्या ट्रॅक्टरला हा त्रास का जाणवत नाही? तोही हवेतूनच जातो आणि त्याच्या ट्रॉल्यांचा आकार तर ट्रकपेक्षाही ओबडधोबड. उत्तर वेगात आहे. वेग दुप्पट झाला की प्रत्येक सेकंदाला समोर येणारी हवा दुप्पट होते आणि त्या हवेला बाजूला फेकायचंही दुप्पट वेगाने. दोन दुणे चार. म्हणून वेग दुप्पट तर अडथळा चौपट. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या तुलनेत ताशी ८० ने जाणाऱ्या, तेवढ्याच आकाराच्या गाडीला हवा सोळापट जोराने अडवते. ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशोब चाकं, चढ आणि उसाचं वजन यांच्यातच संपतो.

ट्रकचा ढोबळ हिशोब असा. ताशी ६० ला हवा त्याला शंभर किलोहून थोड्या जास्त वजनाइतक्या जोराने अडवते. ताशी ८० ला हेच ओझं दोनशे किलोपर्यंत जातं. आता इंजिनाकडे बघा. ६० ला निव्वळ हवेसाठी सुमारे २५ अश्वशक्ती खर्च होते, ८० ला ५८! वेग एक तृतीयांशाने वाढला आणि हवेवरचा खर्च दुपटीच्याही वर गेला. डिझेलच्या भाषेत सांगायचं तर ८० च्या वेगाने शंभर किलोमीटर जाताना सुमारे १४ लिटर डिझेल हवाच पिऊन टाकते, ६० ला ८ लिटर. ‘गाडी दाबली की ॲव्हरेज पडतं’ हे ड्रायव्हर मंडळी सांगतात, त्याच्या मागे हे गणित आहे.

आपल्या देशात मोठ्या ट्रकांच्या इंधनखर्चाचे नियम २०१७ मध्ये आले, तेव्हा चाचणीसाठी ठरलेले वेग होते ताशी ४० आणि ६०. रस्ते सुधारत गेले, ट्रक ८० च्या आसपास धावू लागले, आणि हवेचं बिल चढत गेलं.

आता खरी नवलाची गोष्ट. हवा ट्रकला नेमकी कुठे अडवते?

समोर, असंच कुणीही म्हणेल. काचेवर वारा आदळतो, म्हणजे अडथळा तिथेच. पण धुळीच्या रस्त्यावरून आलेल्या ट्रकच्या मागे जाऊन उभे राहा. फाळक्यावर, मागच्या दिव्यांवर, नंबरप्लेटवर धुळीचा जाड थर. समोरच्या चेहऱ्यावर इतकी धूळ नाही. ट्रक तर पुढे चाललाय, धूळ मागे पडायला हवी. ती उलटी फिरून ट्रकलाच कशी चिकटली?

जोतिबाच्या चैत्र यात्रेची गर्दी आठवा. वाट काढत हळूहळू पुढे सरकलात तर माणसं बाजूला होतात आणि तुमच्या पाठीमागे लगेच जुळून येतात. पण कुणी गर्दीतून मुसंडी मारली, तर त्याच्या मागे क्षणभर मोकळी जागा राहते. हवेचंही तसंच. चौकोनी ट्रक हवा फोडत पुढे जातो. ती हवा त्याच्या मागच्या काटकोनी कडांवरून वळून आत येऊ शकत नाही, कडेवरून सुटून सरळ निघून जाते. फाळक्यामागे एक पातळ, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तिथे भोवरे फिरतात आणि तेच धूळ उचलून फाळक्यावर आणून टाकतात. ती धूळ म्हणजे वाया गेलेल्या डिझेलची डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

हा पातळ पट्टा ट्रकला मागे ओढतो असं आपण म्हणतो. पण हवा ओढत नाही, ती फक्त ढकलते! वातावरणाचा दाब ट्रकच्या समोरच्या त्या ९ चौरस मीटरवर सुमारे ८५ टनांचा जोर लावून उभा आहे, आणि मागच्या बाजूवरही तेवढाच. उभ्या ट्रकला याची गंधवार्ता नसते, कारण दोन्ही जोर एकमेकांना तोलून धरतात. ट्रक धावू लागला की पुढचा रेटा किंचित वाढतो आणि मागचा किंचित घटतो. शंभरेक किलोचा अडथळा म्हणजे या ८५ टनांतला हजारात एक-दीड भाग. एवढ्याशा तफावतीवर वाहतूकदाराचा नफा-तोटा ठरतो, हे कळल्यापासून मला धावत्या ट्रककडे साध्या नजरेने बघताच येत नाही.

म्हणूनच वाऱ्याला सोपा जाणारा आकार आपल्या अंदाजाच्या उलट असतो: पुढे गोल, मागे निमुळता. टोकदार नाकापेक्षा लांब उतरतं शेपूट मोलाचं, कारण फुटलेल्या हवेला परत जुळायला ते अवधी देतं. गोल तार आणि असा नीट उतरत गेलेला आकार शेजारी ठेवले, तर हा आकार तारेपेक्षा जवळजवळ दहापट जाड असूनही वाऱ्याला तेवढाच अडवतो. ट्रकवर आडवेतिडवे ताणलेले दोर दिसतात किरकोळ. वाऱ्याच्या हिशोबात ते जाडजूड असतात.

याच हवेची दुसरी करामत कबनूर-इचलकरंजी पट्ट्यातच बघायला मिळते, एअरजेट मागावर. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून कितीतरी वर्षं आडवा धागा धोट्यातून जात होता. एअरजेटवर धोटाच नाही. नोझलमधून हवेचा झोत सुटतो आणि धाग्याला पकडून कापडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेतो, मिनिटाला शेकडो वेळा. धाग्याच्या मागे ना पोकळी, ना भोवरे. हवा नुसती अंगाला घासत जाते आणि त्या घर्षणानेच तो ओढला जातो. सूत जितकं लवदार तितकी हवेची पकड घट्ट. गुळगुळीत फिलामेंट त्यामानाने निसटतं. ट्रकच्या बाबतीत हे घासणं अगदी मामुली, जवळजवळ सगळा तोटा पुढच्या-मागच्या दाबातला. म्हणजे एकाच हवेचे अडवण्याचे दोन तऱ्हेवाईक मार्ग: एकाने कापड विणलं जातं, दुसरा तेच कापड नेणाऱ्या ट्रकचं डिझेल खातो.

आकाराने किती फरक पडतो, हे दाखवणारा सर्वात देखणा प्रयोग एका सायकलस्वाराला सुचला. एडविन सॉल्ट्झमन हे नासाचे इंजिनिअर. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर ते सायकलने कामाला जायचे. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी वारा त्यांना बाहेर ढकलायचा आणि ट्रक पुढे सरकला की आत खेचायचा. विमानांभोवतीच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हा धक्का स्वस्थ बसू देईना. १९७३ मध्ये त्यांच्या चमूने एक फोर्ड व्हॅन घेतली आणि तिला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून मुद्दाम काटकोनी खोका करून टाकलं. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि वेग किती वेळात उतरतो ते मोजायचं. मग एकेक कडा गोल करत जायचं.

सगळ्या कडा गोल झाल्या तेव्हा हवेचा अडथळा निम्म्याहून कमी झाला होता. आणि त्यासाठी आतली जागा किती गेली? जेमतेम तीन टक्के! गाडीचं पोट खालून सपाट झाकल्यावर आणखी फायदा मिळाला. पुढे इतरांच्या प्रयोगांत असंही दिसलं की समोरच्या कडांना फार मोठी गोलाई लागतच नाही. अडीच मीटर रुंद गाडीला साधारण अर्धी वीत पुरते. हवेला वळायला तेवढं निमित्त मिळालं की ती पत्र्याला धरून वळते. त्यापुढे गोलाई वाढवत नेली तरी लाभ नाममात्र.

कंटेनर ट्रकच्या टपावर बसवलेली ती वळणदार पाटी हेच काम करते: केबिनवरून सुटलेली हवा कंटेनरच्या कपाळावर आदळू न देता त्याच्यावरून पार करते. ट्रेलरच्या चाकांमधली उघडी जागा झाकणारे बाजूचे पडदे, केबिन आणि कंटेनर यांच्यातली फट कमी करणं, कंटेनरच्या पाठीला जोडलेले आत झुकलेले पत्रे, सगळ्यांचा हेतू एकच, हवेला भोवरे करायला कोपरा मिळू नये.

आपल्या हौदेवाल्या ट्रकला यातलं फार थोडं विकत घ्यावं लागतं. गाठी केबिनच्या उंचीच्या वर ढिगाने चढवल्या की टपामागे दुसरी भिंत उभी राहते. त्याच गाठी मागेपर्यंत सारख्या पसरल्या तर ती भिंत बुटकी होते. ताडपत्री सैल असेल तर ती बाहेरून जाणाऱ्या हवेने फुगते, फडफडते, आणि प्रत्येक फडफडीला लागणारी ताकद इंजिनातूनच येते. आणि रिकामा ट्रक? माल नाही म्हणून वारा सवलत देत नाही. उघड्या हौद्यात हवा वरून उतरते आणि आतून फाळक्यावर आदळते. रिकाम्या हौद्यावरही ताडपत्री ताणून बांधली तर ती हवा वरच्या वर निघून जाते. परतीच्या वाटेवर हे करणारे मला तरी क्वचितच दिसतात, आणि तेव्हा खरंच हळहळ वाटते.

वाऱ्याच्या दिशेची गंमत तर वेगळीच. जून-जुलैत पश्चिमेचा वारा ताशी २० किलोमीटरने वाहतोय आणि ट्रक ताशी ६० ने थेट त्याच्या समोर निघालाय असं धरा. काटा ६० दाखवतो, हवा मात्र ८० चा जोर लावते. परतताना वारा पाठीशी, म्हणजे अडथळा ४० चा. जाताना गेलेलं येताना फिटलं? वर्ग करून पाहा. ८० चा वर्ग ६,४००, ४० चा १,६००, बेरीज ८,०००. वारा नसता तर ६० चा वर्ग दोनदा, म्हणजे ७,२००. त्याच वाटेवरून, त्याच वेगाने गेलं-आलं तरी वाऱ्याने नववा हिस्सा जास्त घेतला.