राणीच्या बागेतले पदच्युत पुतळे

भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या तोंडाशी मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय आहे. 1872 मध्ये ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने खुले झाले. त्यासाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला 1975 मध्ये मिळाले. आत सोनेरी नक्षीचे खांब आणि जुन्या मुंबईतील लोकांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. मात्र आवारातले पुतळे पाहिल्याशिवाय ही भेट पुरी होत नाही.

या बागेतली मंडळी हौसेने इथे आलेली नाहीत. एके काळी ती शहरातल्या मोक्याच्या जागी उभी होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याला तर लोक देव समजून फुले वाहत. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः 1965 च्या सुमारास, हे पुतळे चौकांतून हलवून इथे आणले गेले. त्यामुळे कुणाचे नाक गेले आहे, कुणाचा हात.

बसलेल्या व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा नीट पाहावा. तो मॅथ्यू नोबलने घडवला आणि बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी शहराला दिला. पूर्वी त्यावर कोरीव दगडी छत्री होती. 1896 मध्ये पुण्याच्या चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याचा वध केला. राणीचा नवरा अल्बर्ट याचा पुतळाही नोबलचाच. तो मात्र संग्रहालयात, छपराखाली सुखरूप आहे!

इंग्रजांशी थेट संबंध नसलेला एक पाहुणाही इथे आहे, तो म्हणजे घारापुरीचा दगडी हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून 1914 मध्ये पुन्हा जोडले. जवळून पाहिल्यास सांधे दिसतात.

‘काळा घोडा’ हे नाव ज्याच्यामुळे पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ कांस्य पुतळाही आता राणीच्या बागेतच आहे. मूळ चौकात 2017 मध्ये नवा घोडा बसला, तो मात्र स्वाराविना. घोड्याबद्दल मुंबईकरांची कधीच तक्रार नव्हती.

भायखळा स्थानकावरून चालत जाता येते. बुधवारी बाग बंद असते, हे निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे.