विश्लेषण : उंची मोजली कुठून? अवकाशयानाच्या गेममधील न सांगितलेल्या खुणा

यान चंद्रावर उतरत आहे. पडद्यावरचा उंचीमापक २,४०० मीटर दाखवतो. अजून बरेच अंतर आहे असे समजून खेळाडू इंजिन बंद ठेवतो आणि काही सेकंदांत यान खडकावर आदळून फुटते. आकडा तेव्हाही दोन हजारांच्या वरच असतो. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा गेम नव्याने खेळणारे बहुतेक जण एकदा तरी असे आपटतात आणि गेममध्येच काही बिघाड असावा असे त्यांना वाटते. बिघाड नसतो. पडद्यावरच्या एका बारीक गोष्टीचा अर्थ गेमने ठळकपणे सांगितलेला नसतो, इतकेच. साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला मात्र ही भानगड परकी वाटायचे कारण नाही.

हा गेम नेमका कसा आहे?

मेक्सिकोतील 'स्क्वाड' या कंपनीने २०११ मध्ये त्याची सुरुवातीची आवृत्ती खुली केली आणि २०१५ मध्ये पूर्ण आवृत्ती आणली. 'कर्बिन' नावाच्या काल्पनिक ग्रहावरून रॉकेट बांधून उडवायचे, कक्षेत न्यायचे, 'मुन' या चंद्रावर उतरवायचे. ग्रह खोटे असले तरी गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचे गणित बरेचसे खरे आहे. त्यामुळे पडद्यावरची उपकरणेही खऱ्या यानांवरून घेतलेली आहेत आणि त्यांच्याबरोबर खऱ्या यानांतील गुंतागुंतही आली आहे.

उंचीच्या आकड्यात घोळ काय?

वरच्या बाजूचा मोठा उंचीमापक मुळात 'समुद्रसपाटी'पासूनची उंची दाखवतो. मुनवर समुद्र नाही. तिथे समुद्रसपाटी म्हणजे गोलाची ठरवून घेतलेली एक त्रिज्या, आणि जमीन त्या पातळीच्या शेकडो किंवा हजारो मीटर वर असू शकते. खऱ्या चंद्रासाठीही शास्त्रज्ञ १,७३७.४ किलोमीटर त्रिज्येचा गोल शून्य मानून उंची मोजतात.

कोयना धरणाची बातमी वाचणाऱ्याला हे लगेच उमजेल. धरण भरले की पाणीपातळी २,१६३ फूट असते. धरणाची भिंत १०३ मीटर, म्हणजे साधारण ३३८ फूट उंच. मग २,१६३ फूट पाणी मावते कुठे? ते फूट समुद्रसपाटीपासूनचे आहेत. त्याच पानावर सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडा असतो : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तो ५७ फुटांच्या वर गेला होता. हे फूट पुलाजवळच्या नदीतील मोजपट्टीचे आहेत. समुद्रसपाटीपासून मोजले तर तेच पाणी पाचशे मीटरच्याही वर असते. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरमधल्या माणसाला आपल्या गल्लीत पाणी आयर्विनच्या कितव्या फुटाला शिरते हे तोंडपाठ असते. कोयनेच्या फुटांवरून त्याला सामान कधी हलवायचे ते कळणार नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांचे शून्य वेगळे आहे.

विमानातही हाच प्रकार आहे. विमानाचा साधा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि कोणत्या दाबाला शून्य धरायचे हे वैमानिक एक बटण फिरवून ठरवतो. कराडच्या धावपट्टीवर विमान उभे असताना समुद्रसपाटीचा दाब लावलेला असेल, तर काटा अठराशे-एकोणीसशे फुटांच्या घरात दिसेल. धावपट्टीवरचा दाब लावला, तर शून्य. डायलवरच्या लहानशा खिडकीत कोणता दाब लावला आहे ते दिसते. ती खिडकी न पाहता उंची वाचायची नाही, हे वैमानिकाला सुरुवातीलाच शिकवतात.

गेममध्ये जमिनीपासूनची उंची दिसतच नाही का?

दिसते, पण आडबाजूला. बराच काळ ती फक्त यानाच्या आत बसून पाहिल्यावर, कॉकपिटमधल्या रडार उंचीमापकाच्या गोल डायलवर दिसायची, तीही जमिनीजवळ आल्यावर. पुढे वरचा मोठा आकडाच जमिनीपासून दाखवण्याची सोय आली. तरीही ती खूण इतकी बारीक आहे की मुद्दाम शोधल्याशिवाय नजरेस पडत नाही. शेजारी खाली-वर जाण्याचा वेग दाखवणारा अर्धगोल डायल आहे. त्याच्या खुणा सारख्या अंतराच्या नाहीत. शून्यापासून दहापर्यंत आणि शंभरापासून हजारापर्यंत काटा जवळपास सारखाच सरकतो. अखेरच्या टप्प्यात दोन-चार मीटरचा फरक दिसावा आणि वर असताना हजारही मावावेत, म्हणून ही रचना. ज्याला ठाऊक नाही तो काटा मध्याजवळ आला म्हणजे यान जवळजवळ थांबले असे मानतो.

उभ्या यानाला वेग कसा?

गोलाच्या वर वेगाचा आकडा असतो आणि त्यावर एक शब्द : 'सरफेस', 'ऑर्बिट' किंवा 'टार्गेट'. उड्डाणतळावर यान उभे असताना 'सरफेस'ला वेग शून्य. आकड्यावर क्लिक करून 'ऑर्बिट' केले की न हललेले यान सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जाताना दिसते, कारण कर्बिन स्वतःभोवती फिरतो आहे. पृथ्वीवरही तेच. सांगलीच्या गणपती पेठेत पिशवी घेऊन उभा असलेला माणूस पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने फिरत असतो. पूर्वेकडे रॉकेट सोडण्याचे एक मोठे कारण हा फुकटचा वेग.

'टार्गेट' असेल, तर वेग दुसऱ्या यानाच्या तुलनेत असतो. तिथे शून्य म्हणजे थांबणे नव्हे. दोन्ही याने सेकंदाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने एकत्र धावत असतात. इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी 'स्पेडेक्स' मोहिमेतील दोन उपग्रह कक्षेत जोडले, तेव्हा ते पृथ्वीभोवती सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत होते आणि एकमेकांकडे मात्र मिलिमीटरांत मोजावे इतक्या संथपणे सरकत होते.

खटकणारी गोष्ट अशी की हा शब्द गेम आपल्या आपण बदलतो. यान खाली येऊ लागले की 'ऑर्बिट'चे 'सरफेस' होते आणि गोलावरच्या हिरवट-पिवळ्या खुणाही एकदम सरकतात. तो गोल, म्हणजे 'नॅव्हबॉल', अपोलो यानांतल्या तशाच गोलाचा वंशज. निळा भाग आकाशाचा, तपकिरी जमिनीचा. वर्तुळाची खूण आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत ते सांगते आणि आत फुली असलेली त्याच्या नेमकी उलट दिशा. 'सरफेस'मध्ये फुलीची खूण निळ्या भागाच्या मध्यबिंदूवर असेल, तर यान सरळ खाली येत आहे. ती बाजूला असेल, तर यान आडवेही सरकत आहे आणि टेकताच कलंडणार.

खऱ्या मोहिमांत असे घडले आहे का?

होय, आणि त्याची किंमत मोठी होती. जपानच्या 'आयस्पेस' कंपनीचे 'हाकुतो-आर' यान भारतीय वेळेनुसार २५ एप्रिल २०२३ च्या रात्री चंद्रावरील ॲटलस विवरात उतरणार होते. विवराची कडा ओलांडताच खालची जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खोल गेली. रडारने ते बरोबर मोजले. पण संगणकाच्या अंदाजाशी ते जुळेना. एवढी उडी म्हणजे रडारच बिघडले, असे ठरवून संगणकाने त्याचे ऐकणे बंद केले आणि स्वतःच्या हिशोबाने यान उतरवत राहिला. त्याच्या लेखी उंची शून्य झाली तेव्हा यान प्रत्यक्षात जमिनीपासून सुमारे पाच किलोमीटर वर होते. जमीन आता लागेल म्हणून ते अगदी हळू खाली येत राहिले, इंधन संपले आणि ते कोसळले. उतरण्याची जागा आराखडा पक्का झाल्यानंतर बदलली होती. नव्या वाटेवरच्या जमिनीचा चढउतार चाचण्यांत पुरेसा धरला गेला नव्हता.

त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपच्या 'शियापरेली' यानाच्या संगणकाने मंगळावर उतरताना उंची चक्क उणे काढली, म्हणजे यान जमिनीखाली असल्याचा समज करून घेतला. पॅराशूट वेळेआधी सुटले आणि यान ३.७ किलोमीटरवरून पडले.

आपल्याकडची आठवण ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतरची. चांद्रयान-२ चे थेट प्रक्षेपण लाखो लोक पाहत होते. पडद्यावर लाल रेषा आणि तिच्यावरून उतरणारा हिरवा ठिपका. ठिपका रेषेवरून ढळला आणि थांबला. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे ठीक होते, असे इस्रोने जाहीर केले. पडद्यावर मात्र ठिपका तीन-साडेतीनशे मीटरपर्यंत आलेला लोकांनी पाहिला होता. मग यान नेमके कुठवर ठीक होते, यावर पुढे कित्येक दिवस वाद रंगला. 'ठीक असणे' आणि 'संपर्कात असणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री कोणी सांगितले असते तर निम्मा वाद झाला नसता. नोव्हेंबरमध्ये सरकारने लोकसभेत सांगितले, की पहिल्या टप्प्यात वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ वर ठरल्याप्रमाणे आला, पण दुसऱ्या टप्प्यात तो आराखड्यापेक्षा जास्त घटला आणि 'विक्रम' नियोजित जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला.

गेम बनवणारे हे समजावून का सांगत नाहीत?

थोडी परंपरा, थोडी मौज. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी 'एलिट' आणला. त्याच्या पडद्याखाली लंबगोल रडार होते. प्रत्येक यानाच्या ठिपक्याला एक उभी काडी : यान आपल्यापेक्षा वर असेल तर काडी वर, खाली असेल तर खाली. अंतराळ स्थानकाच्या टप्प्यात आलो की कोपऱ्यात 'एस' हे अक्षर उमटायचे. अर्थ कळण्यासाठी खोक्यातली पुस्तिका वाचावी लागे. आता गेम डाउनलोड होतात, पुस्तिका गेली आणि खुणा मात्र उरल्या. त्याच घराण्यातल्या 'एलिट डेंजरस'मध्ये वेगाच्या पट्टीवर निळा पट्टा आहे. वेग त्या पट्ट्यात असताना यान सर्वांत चपळ वळते. होकायंत्रातला ठिपका भरीव असेल तर लक्ष्य पुढे, पोकळ असेल तर पाठीमागे.

अशी कोडी स्वतः सोडवण्यात गंमत आहे, हे मान्य. निळ्या पट्ट्याचा अर्थ दहा तासांनी कळला तरी काही बिघडत नाही. पण आकडा कुठून मोजला हे न सांगणे याला कोडे म्हणता येणार नाही, ती त्रुटी आहे. आपल्याकडची मुले इंग्रजी लेबले अंदाजानेच वाचतात, त्यांना तर ती अधिकच नडते.

मुनवर उतरणाऱ्याने मग एवढे करावे. खाली येण्यापूर्वी वेगावरचा शब्द 'सरफेस' आहे ना ते पाहावे. उंचीमापकाची बारीक खूण शोधून तो जमिनीपासून मोजण्यावर आणावा. ती सापडली नाही, तर कीबोर्डवरचे 'सी' दाबून यानाच्या आत जावे आणि तिथला रडारचा डायल पाहावा. जमीन दूर असेपर्यंत त्याचा काटा हलत नाही. तो हलू लागला की इंजिन चालू करायची वेळ झालेली असते.