बैलाची सूज आणि गिधाडाचे मूत्रपिंड

नांगरणीच्या दिवसांत जुवाखाली बैलाचा खांदा सुजतो. हात ठेवला की कातडी गरम लागते, बैल अंग चोरतो. गुरांचे डॉक्टर येतात, सुई टोचतात आणि एकदोन दिवसांत बैल पुन्हा मान द्यायला तयार होतो. आमच्या नामपूरकडे, मोसम नदीच्या काठी, यात कुणाला काही नवल वाटत नाही. पण त्या सुईत काही वर्षे जे औषध असे, त्याने बैलांना बरे करता करता देशातली गिधाडे जवळजवळ संपवली. हे कसे घडले, ते पाहू.

आधी सूज म्हणजे काय? शरीराला इजा झाली की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त आल्याने तो भाग लाल व गरम होतो, द्रव पाझरून फुगतो आणि वेदना वाहून नेणारे मज्जातंतू हळवे होतात. प्रोस्टाग्लँडिन बनवण्याचे काम साइक्लोऑक्सिजनेज हे विकर करते. अॅस्पिरीनसारखी औषधे ही निर्मितीच रोखतात, हे इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेन आणि आपल्या गोष्टीतले डायक्लोफिनॅक ही याच घराण्यातली औषधे.

अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन केवळ सूज आणत नाहीत. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे, मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळेल हे पाहणे, ही कामेही त्यांचीच. गल्लीत नळ फुटला म्हणून टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तर गळती थांबते खरी. पण साऱ्या गावाचे हंडेही रिकामे राहतात. अशा गोळ्या वारंवार घेतल्या तर जठरात व्रण होऊ शकतो. उन्हातान्हात राबून अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवर त्या ताण आणतात. ‘दुष्परिणाम’ हा शब्द मला म्हणूनच थोडा फसवा वाटतो. औषधाला मुख्य काम कोणते आणि दुय्यम कोणते हे ठाऊक नसते. ते विकर अडवते, जेथे सापडेल तेथे.

मग गिधाडांचेच एवढे का बिघडावे? येथे आमच्या भौतिकशास्त्रातली एक कल्पना उपयोगी पडते. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल तुम्ही शिकला असाल. रक्तातल्या औषधालाही अर्धायुकाल असतो. तेवढ्या वेळात त्याचे प्रमाण निम्मे होते. माणसाच्या रक्तात डायक्लोफिनॅकचा अर्धायुकाल एक ते दोन तास आहे. दोन तास धरा. बारा तासांत सहा वेळा निम्मे, म्हणजे चौसष्टावा भाग उरला. गिधाडांवर मोजले तेव्हा हाच काळ बारा तासांहून अधिक भरला! आपल्या रक्तात चौसष्टावा भाग उरतो, तेव्हा गिधाडाच्या रक्तात निम्म्याहून जास्त शिल्लक असते.

आता मात्रा पाहा. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलीग्रॅम औषध प्राणघातक ठरू शकते. पाच किलोच्या पक्ष्याला एक मिलीग्रॅम पुरे. चारशे किलोच्या बैलाला किलोमागे एक मिलीग्रॅमने सुई दिली, तरी चारशे मिलीग्रॅम झाले. तो बैल एकदोन दिवसांत मेला आणि गावाबाहेर टाकला, की एका जनावरावर गिधाडांचा सारा थवा उतरतो.

पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तुम्ही पाहिला असेल. ते युरिक आम्ल. आपण नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकतो, पक्षी युरिक आम्लाच्या. मूत्रपिंडे निकामी झाली की हे आम्ल रक्तात साठते आणि यकृतावर, हृदयावर खडूची भुकटी शिंपडावी तसे त्याचे स्फटिक जमतात. पक्षी मान टाकून बसतो आणि थोड्याच दिवसांत मरतो.

राजस्थानातील भरतपूर येथे १९९० नंतरच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना अशीच मान टाकलेली गिधाडे दिसू लागली. आधी संशय विषाणूवर होता. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली खरे कारण प्रसिद्ध केले. स्फटिक जमून मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ च्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. इतका स्वच्छ पुरावा विज्ञानात क्वचितच हाती लागतो. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक या प्रमाणात उरली.

याची झळ माणसांनाही बसली. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाचे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन केले जात. गिधाडे नाहीशी झाल्यावर तेथे आरशांनी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. गावोगावी मेलेली जनावरे कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतले औषध गुरांना टोचले जाई, म्हणून २०१५ मध्ये बाटली तीन मिलीलिटरची केली. असेक्लोफिनॅकचे तर गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते! ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाले. बैलाला मात्र सुजलेला खांदा घेऊन बसावे लागत नाही. मेलॉक्सिकॅम हे त्याच घराण्यातले औषध सूज उतरवते, आणि गिधाडाच्या रक्तात त्याचा अर्धायुकाल एका तासाच्याही आत आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून आहेत. हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी व वनखाते यांनी मेलेली जनावरे गिधाडांसाठी टाकण्याची खास जागा केली. तुमच्या गावी गुरांच्या डॉक्टरांना सुईतल्या औषधाचे नाव विचारून पाहा. बाटलीवर ते छापलेले असते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलाला स्वतः अंडी घालण्याजोगे व्हायला पाचेक वर्षे लागतात. हजारातले एक उरलेले पक्षी पुन्हा हजार व्हायला किती काळ लागेल, याचे गणित वहीत मांडून बघा.