नाग कोणाचा लांब?

शर्यत धावण्याची असते, पोहण्याची असते. पण नागाच्या लांबीची? सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला अशा स्पर्धा व्हायच्या. उंच फणा काढणाऱ्या नागालाही बक्षीस! त्यासाठी आधीपासूनच शेतं, बांध धुंडाळून नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे. सणानंतर सोडून देत, मारत नसत. मग ही शिकार कशी? अहो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच! निसर्गप्रेमी कोर्टात गेले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ थांबले. २०२५ मध्ये नाग पकडायला मर्यादित परवानगी मिळाली, तीही अभ्यासापुरती.

बोरिवली-मुलुंडला तर राष्ट्रीय उद्यान खेटूनच आहे. सोसायटीत नाग निघाला, की लांब उभं राहायचं आणि आईबाबांना वनखात्याला फोन करायला सांगायचं.