सावर्ड्याचा बोगदा आणि पेडण्याची माती

चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे कोकण रेल्वेवरील एक स्थानक. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा बोगदा ३४२९ मीटर लांबीचा आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा ६५०६ मीटरचा असल्यामुळे सावर्ड्याच्या बोगद्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. परंतु बांधकामात नवे तंत्र कशासाठी लागते, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे असेल, तर सावर्डे परिसरातील शिक्षकांना दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मुळात येथे बोगदा का खणावा लागला? गाडीचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळते, हा रेल्वेचा फायदा. त्याच कारणाने ते चढावर घसरते, हा तोटा. कोकण रेल्वेच्या आखणीत चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असे ठरले होते. या हिशोबाने ६० मीटर उंचीची टेकडी चढायला ९ किलोमीटर रूळ लागेल आणि उतरायला आणखी ९. बोर घाटात ३७ मीटरला १ मीटर इतका चढ आहे, पण तेथे गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. कोकणात तर एक टेकडी संपते तोच खाडी किंवा ओढा येतो आणि पलीकडे दुसरी टेकडी उभी असते. म्हणून रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. एवढे काम साडेसात वर्षांत झाले.

सावर्डे परिसराच्या पोटात बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा तो बनलेला आहे. त्यावर ठिकठिकाणी जांभ्याची टोपी आहे. कातळात बोगदा खणताना भोके पाडायची, त्यांत स्फोटके भरायची, उडवायची, दगड बाहेर काढायचा आणि पुन्हा भोके पाडायची, असे चक्र चालते. हाती धरायच्या यंत्राने भोके पाडली तर एका चक्रात समजा दीड मीटर प्रगती होते. मोठे यंत्र एकाच वेळी दोनतीन हातांनी खोल भोके पाडते आणि प्रगती तीन मीटर होते. आता विद्यार्थ्यांना गणित घालावे : ३४२९ मीटरला तीन मीटरने भागा. ११४३ चक्रे आली. दोन्ही तोंडांकडून काम केले तर प्रत्येकी ५७२. दिवसाला एक चक्र धरले तर सुमारे १९ महिने. दीड मीटरच्या हिशोबाने हाच काळ तीन वर्षांपलीकडे जातो. आम्ही घेतलेले आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु कोकण रेल्वेसाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रे का आणली गेली, ते यावरून कळते.

तरी यंत्रापेक्षा आम्हांला स्फोटाची रचना अधिक मनोरंजक वाटते. बोगद्याच्या तोंडाशी कातळाची सलग भिंत असते. सगळी भोके एकदम उडवली तर फुटलेल्या दगडाला जायला जागाच नसते. जोर मागे आणि वर जातो व छत खिळखिळे होते. खचाखच भरलेली एस.टी. रिकामी कशी होते ते आठवावे. दाराजवळचे आधी उतरतात, मग त्यांच्या मागचे, मग बाकीचे. तसेच येथे मधली भोके प्रथम उडवतात. त्यामुळे मध्यभागी पोकळी होते. मग काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने तिच्याभोवतीची भोके, त्यानंतर त्यांच्या बाहेरची, आणि सर्वांत शेवटी कडेची. कडेच्या भोकांत स्फोटक मुद्दाम कमी भरतात, म्हणजे छताचा कातळ शाबूत राहतो. बोगद्याचे छत पेलून धरतो तो मुख्यतः हा कातळच. काँक्रीटचा लेप आणि कातळात ठोकलेल्या लांब पोलादी सळया त्याला मदत करतात.

सळया कशी मदत करतात, हे वर्गात दाखवता येते. आठदहा सारख्या आकाराची पुस्तके ओळीने उभी ठेवा आणि दोन्ही टोकांना तळहातांनी घट्ट दाबून सगळी ओळ उचला. एकही पुस्तक खाली पडत नाही. दाब सैल करताच मधली पुस्तके निसटतात. सुटे तुकडे दाबाखाली एक होतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिचा उपयोग बोगद्याबाहेरही होतो.

सावर्ड्याहून दक्षिणेस जाणारी गाडी रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीच्या दरीवरून जाते. हा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. पूल बांधताना काँक्रीट ओले असेपर्यंत त्याला खालून आधार द्यावा लागतो. ६४ मीटर खोल दरीतून असा सांगाडा उभा करणे अवघड, खर्चाचे आणि धोक्याचे. म्हणून येथे पूल दरीत न बांधता काठावर बांधला आणि दरीवर ढकलला. काठावरच्या साच्यात एक तुकडा ओतायचा, तो पक्का झाला की हायड्रॉलिक जॅकने पुढे सरकवायचा, त्याच्या पाठीला जोडून पुढचा तुकडा ओतायचा. खांबांच्या डोक्यावर गुळगुळीत टेफ्लॉनचे तुकडे ठेवले की घर्षण फारच कमी होते. १९६२-६३ च्या सुमारास व्हेनेझुएलातील कारोनी नदीवरील पुलासाठी जर्मन अभियंते फ्रिट्झ लिओनहार्ट आणि विली बाउर यांनी ही पद्धत वापरली होती. भारतातील रेल्वेपुलासाठी ती प्रथम पानवलला वापरली गेली.

यातली अडचण समजण्यास लाकडी फूटपट्टी पुरते. ३० सेंटिमीटरची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. १५ सेंटिमीटर बाहेर आली की ती कलंडते. म्हणजे दोन टेबलांत २० सेंटिमीटरचे अंतर असेल तर ही पट्टी पलीकडे पोचणार नाही. आता खराट्याचे चारपाच हीर एकत्र बांधून पट्टीच्या पुढच्या टोकाला १० सेंटिमीटर बाहेर येतील असे पक्के बसवा. पट्टी १० सेंटिमीटर बाहेर आली की हिरांचे टोक पलीकडच्या टेबलावर टेकते आणि पुढे पट्टी निर्धास्त सरकते. पुलाच्या पुढच्या टोकाला असेच हलके पोलादी नाक बसवतात.

केवळ कलंडण्याचाच प्रश्न नसतो. अधांतरी लोंबणारी तुळई तिच्या बुडाशी जितकी वाकू पाहते, तो जोर ती पुढच्या खांबावर पोचून सलग झाल्यावर साधारण सहापट कमी होतो. लोंबणारी लांबी दुप्पट केली तर हा जोर चौपट होतो. शिवाय पुलाचा प्रत्येक भाग सरकताना कधी खांबावर असतो, कधी दोन खांबांच्या मध्ये. खांबावर वरच्या बाजूला ताण येतो, मध्ये खालच्या बाजूला. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. यावर उपाय म्हणजे आपली पुस्तकांची ओळ : काँक्रीटमधून पोलादी तारा ओढून घट्ट ताणतात आणि सगळी तुळई आधीच दाबाखाली ठेवतात. मग ताण आला तरी तो या दाबातून वजा होतो, भेग पडत नाही.

येथवर सगळे यशाचेच चित्र दिसते. परंतु हीच माणसे आणि हीच यंत्रसामग्री गोव्याकडील मऊ जमिनीत पोचली तेव्हा काय झाले, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही.

जांभा कसा बनतो ते पाहू. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात कातळातील सिलिका व इतर विद्राव्य द्रव्ये हजारो वर्षे झिरपून जातात आणि लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. खाणीतून ताजा काढलेला चिरा त्यामानाने मऊ असतो, उघड्यावर तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मलबारमधील या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले, ते यामुळेच. पण या कठीण टोपीच्या खाली अनेक ठिकाणी अर्धवट कुजलेल्या खडकाची चिकण माती असते. किनारी कर्नाटकात तिला शेडी म्हणतात. कोरडी असताना ती कापली तर उभी राहते, पाण्याने भरली की वाहू लागते. किनाऱ्यावर ओल्या वाळूत मुले बोगदा करतात तो टिकतो आणि लाट आली की बसतो, तसाच हा प्रकार. कणांमधल्या थोड्या पाण्याने पकड येते, पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की पकड जाते.

अशा जमिनीत स्वीडनच्या यंत्रांचा काय उपयोग? भोक पाडावे तर ते बुजते, स्फोट करण्याचा तर प्रश्नच नाही. खणलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळला. शेवटी माणसांनी हाताने थोडे थोडे खणायचे, लगेच आधार द्यायचा, पाणी काढायचे, मग पुढे सरकायचे, असे काम करावे लागले. पेडण्याचा बोगदा सुमारे दीड किलोमीटरचा, म्हणजे सावर्ड्याच्या निम्म्याहूनही लहान. पण संपूर्ण मार्ग अडून राहिला तो त्याच्यासाठी. मऊ मातीतील बोगद्यांनी चार वर्षे घेतली आणि तेथे १९ जणांचे प्राण गेले. सबंध मार्गाच्या बांधकामात ७४ जण मृत्युमुखी पडले. रत्नागिरीला त्यांचे स्मारक आहे. विद्यार्थ्यांची सहल पानवलचा पूल पाहायला नेणाऱ्या शिक्षकांनी तेथेही थांबावे, असे आम्हांला वाटते.

तेव्हा बांधकामातील नवे तंत्र म्हणजे मोठे यंत्र, ही समजूत सावर्ड्यापुरती खरी आणि पेडण्याला खोटी ठरते. पेडण्याला नवे ज्ञान हवे होते ते मातीच्या परीक्षेचे, भूजलाचे, न ढासळता माती किती वेळ उभी राहील याचे. आमच्या मते या ज्ञानात केलेली कसर यंत्राने भरून निघत नाही. ते बांधकाम संपल्यावरही लागते. ६ ऑगस्ट २०२० रोजी पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आल्याने वाहतूक पुन्हा थांबली. उघड्या कटिंगचीही तीच गत. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर कटिंगचे उतार कमी करणे, दगडांवर पोलादी जाळ्या बसवणे, पाण्याला वाट करून देणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे इतकी यंत्रे व उपकरणे असूनही पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि गस्तीची माणसे रुळांवरून चालत जाऊन दरडी पाहतात. पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते. सावर्डे स्थानकावर थांबणारी एखादी गाडी घेऊन तिची दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवली, तर पावसामुळे ताशी किती किलोमीटर वेग कमी केला जातो, हे आठवीचे विद्यार्थीही काढू शकतील.